पहिला पंप हातात देताना: कोकणातल्या फार्मासिस्टसाठी इनहेलरची मार्गदर्शिका

नवा रुग्ण इनहेलरची चिठ्ठी घेऊन येतो तेव्हा औषध कोणतं ते डॉक्टरांनी ठरवलेलं असतं. ते फुफ्फुसात उतरणार की घशातच चिकटून राहणार, हे मात्र मेडिकलच्या काउंटरवर ठरतं. दाबायचा साधा पंप बिनचूक घेतला तरी औषधाचा साधारण १० ते २० टक्के भागच फुफ्फुसात पोचतो, बाकीचा तोंडात नि घशात बसतो. घेण्याची पद्धत चुकली की तेवढाही पोचत नाही. मग महिन्याने काकी येऊन सांगतात, "पंप घेतंय, पण फरक पडणा नाय." डोस वाढतो, औषध बदलतं, खर्च वाढतो आणि मूळ चूक जिथल्या तिथे राहते.

ती चूक पकडायला दहा मिनिटं पुरतात. फक्त सांगून झाल्यावर "कळलं का?" असं विचारू नका. आपल्याकडे मोठ्या माणसांना "नाही कळलं" म्हणायला संकोच वाटतो, मान हलतेच. "आता मला करून दाखवा" असं म्हणा आणि शेवटपर्यंत बघा.

औषध काढण्याआधी

आधी उपकरण बघा. एकच औषध दाबायच्या पंपात येतं, कोरड्या पावडरच्या कॅप्सूलमध्ये येतं आणि नेब्युलायझर या औषधाचं धुकं करणाऱ्या यंत्राच्या रेस्प्यूलमध्येही (द्रव औषधाच्या छोट्या कुपीत) येतं. अक्षर लागत नसेल तर डॉक्टरांना फोन करा. चिठ्ठीवर रोटाकॅप (ओढायच्या पावडरच्या कॅप्सूल) लिहिल्यात आणि त्या ओढायचं उपकरण लिहायचं राहिलंय, असं वरचेवर घडतं. रुग्ण नुसती कॅप्सूलची बाटली घेऊन घरी जातो आणि जेवणानंतर पाण्याबरोबर गिळतो. म्हणून कॅप्सूल देताना "ओढायचं यंत्र घरी आहे का? कुठल्या कंपनीचं?" हा प्रश्न सुटता कामा नये. एका कंपनीच्या कॅप्सूल दुसऱ्याच्या उपकरणात नीट बसतील किंवा नीट फुटतील याची खात्री नसते.

दुसरा प्रश्न: बाकी कुठली औषधं चालू आहेत? डोळ्यांचे थेंब हे औषध आहे असं रुग्णाला वाटतच नाही, ते वेगळे विचारा. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आवळू शकतात. रक्तदाबासाठी देतात त्या प्रोप्रानोलॉलच्या गोळीचंही तसंच. अशी जोडी दिसली की रुग्णाला न घाबरवता डॉक्टरांना कळवायचं. काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक यांनी जोराची धाप लागते. लावणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून दुखण्याची गोळी मागायला येणाऱ्यांत असा एखादा असतोच. "मागे अशी गोळी घेऊन छाती भरली होती का?" एवढं विचारल्याशिवाय ती हातात देऊ नका. चिठ्ठीत टायोट्रोपियम (श्वासनलिका मोकळी ठेवणारं रोजचं औषध) असेल तर लघवी अडण्याचा त्रास आणि काचबिंदू विचारा, आणि पावडर लागलेलं बोट डोळ्याला लावू नका असं सांगा.

दम्याच्या रुग्णाला सालमेटेरॉल किंवा फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका बराच वेळ मोकळी ठेवणारी औषधं) एकटंच लिहिलेलं दिसलं, जोडीला स्टेरॉइड नाही, तर औषध देण्याआधी डॉक्टरांशी बोला. सीओपीडीमध्ये (धूर-धुळीने श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) ते चालतं, दम्यात धोक्याचं आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटतं वजन किंवा थुंकीत रक्त असेल तर थुंकी तपासली आहे का ते विचारा. पंप चालू असला म्हणून क्षयाची तपासणी मागे पडायला नको.

दोन शंका, ज्या रुग्ण बोलून दाखवत नाही

पहिली, "याची सवय लागेल." दुसरी, "पंपावर टाकलं म्हणजे आता शेवटचं." घरी गेल्यावर शेजारीपाजारी हेच सांगतात आणि आठवडाभरात पंप फळीवर जातो. या शंका तुम्हीच काढा, रुग्ण काढेपर्यंत थांबू नका.

यावर हिशोब सगळ्यात जास्त पटतो. धापेवर लगेच आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पंपाचा एक पफ १०० मायक्रोग्रॅमचा. एका गोळीत ४० पफांएवढं औषध असतं, आणि ते पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरून मग छातीत येतं. म्हणूनच गोळीने हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध थोडं असतं आणि थेट दुखणाऱ्या जागी जातं. हे कागदावर आकडे मांडून दाखवा. वर्षानुवर्षं कुणाकडून तरी दम्याच्या पुड्या नाहीतर स्टेरॉइडच्या गोळ्या घेत आलेल्या माणसालाही यातला फरक कळतो. त्याने तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं असेल, तर ते एकदम बंद करायला मात्र सांगू नका. डॉक्टरांकडे पाठवा, ते हळूहळू कमी करावं लागतं.

दाबायचा पंप

ताठ बसायचं किंवा उभं राहायचं. झाकण काढून तोंडाचा भाग आत डोकावून बघायचा. बिनझाकणाचा पंप बाजाराच्या पिशवीत पडला की आत सुटं नाणं नाहीतर गोळीचं आवरण जातं आणि श्वासाबरोबर घशात ओढलं जातं. मग पंप चांगला हलवायचा. नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर माहितीपत्रकात लिहिलेत तेवढे पफ हवेत सोडायचे.

श्वास आरामात बाहेर सोडायचा. नळी दातांच्या मध्ये, ओठ भोवती घट्ट. आता तोंडाने सावकाश श्वास आत घ्यायला सुरुवात करायची आणि सुरुवात होताच डबी एकदाच दाबायची. श्वास तसाच पुढे चालू ठेवायचा, तीन ते पाच सेकंद. मग पंप काढून, तोंड मिटून, मनात १० पर्यंत मोजेपर्यंत श्वास धरायचा. दुसरा पफ असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून पंप पुन्हा हलवायचा.

चुका ठरलेल्या असतात. आधी दाबून मग ओढणं, दाबल्यावर श्वास थांबणं (फवारा घशाला गार लागतो, माणूस दचकतो), दोनदा दाबणं, नाकाने ओढणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे जोरात ओढणं. करून दाखवताना रुग्णाच्या ओठांकडे बघा. कडेने पांढरा धूर निसटला की औषध बाहेर गेलं असं समजा. बोटं आखडलेल्या आजींना डबी एका हाताने दाबता येत नाही. त्यांना दोन्ही हातांची पहिली बोटं वर, अंगठे खाली असं धरायला शिकवा.

आमचं स्पष्ट मत असं की दाबायचा पंप घेणाऱ्या प्रत्येक नव्या रुग्णाला स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये जोडायची पोकळ प्लास्टिकची नळी) सुचवावा, लहान मुलं आणि साठीपुढच्यांना तर नक्कीच. दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी जुळवायची कसरत संपते, घशात बसणारं औषध कमी होतं. स्पेसरमध्ये एका वेळी एकच पफ सोडायचा आणि लगेच सावकाश ओढायचा. दमलेल्या माणसाने चार-पाच साधे श्वास घेतले तरी चालतं. साधारण चार वर्षांखालच्या बाळाला मास्क लावायचा, तो नाकातोंडाला फट न राहता बसला पाहिजे. रडणाऱ्या बाळाच्या छातीत औषध फारसं जात नाही, आधी शांत करायला सांगा.

स्पेसर धुताना एक चूक घरोघर होते: आतून फडक्याने पुसतात. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज जमते आणि औषध भिंतीला चिकटून बसतं. कोमट पाण्यात भांडी धुवायच्या द्रवाचे दोन थेंब टाकून बुडवायचा, बाहेर काढून न पुसता उभा ठेवून वाळू द्यायचा. तोंडात धरायचा भाग तेवढा साध्या पाण्याने धुवायचा.

आणखी एक. पावसात वीज गेली की नेब्युलायझर बंद पडतो. बहुतेक वेळा दाबायचा पंप आणि स्पेसर मिळून तेवढंच काम करतात, हे घरी नेब्युलायझर असलेल्या प्रत्येक कुटुंबाला जूनच्या आधी सांगून ठेवा.

कॅप्सूलचा पंप

इथे नियम उलटा: जोरात, खोल आणि सुरुवातीपासूनच जोरात. आत ढकलणारा वायू नाही, पावडर मोकळी करायचं काम रुग्णाच्याच श्वासाचं. दोन्ही प्रकारचे पंप मिळालेला रुग्ण दोन्ही सारखेच ओढतो. त्याला डब्यांवर लिहून द्या, एकावर "हळू", दुसऱ्यावर "जोरात".

रोटाहेलरचं उदाहरण घेऊ. हात कोरडे करायचे. कॅप्सूल बाटलीतून एकच काढायची. उपकरण उभं धरून वरच्या चौकोनी भोकात कॅप्सूलचं पारदर्शक टोक खाली करून घालायचं आणि वरची कड भोकाच्या काठाबरोबर येईपर्यंत दाबायचं. ती थोडी वर राहिली तर पुढच्या फिरवण्यात कॅप्सूल फुटत नाही आणि रुग्ण नुसती हवा ओढतो. मग खालचा भाग अडेपर्यंत फिरवायचा, कॅप्सूलचे दोन तुकडे होतात आणि पावडर मोकळी होते. आता उपकरण आडवं ठेवायचं. तोंड बाजूला करून श्वास बाहेर सोडायचा. उपकरणात फुंकलं की श्वासातली वाफ पावडरीला लागते आणि ती आतच चिकटते. नळी ओठांत घट्ट, मान किंचित मागे, एका दमात जोराने ओढायचं, १० सेकंद धरायचं. शेवटी उघडून कॅप्सूल बघायची. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं, आणि रिकामे तुकडे टाकून द्यायचे. रिव्होलायझरसारख्या उपकरणात कॅप्सूल फुटत नाही, बंद करताना तिला भोकं पडतात. बाकी सगळं तेच.

अगदी लहान मुलं, खूप वाळलेले म्हातारे आणि सीओपीडी वाढलेले रुग्ण यांची ओढ कमी पडते. काउंटरवर रिकाम्या उपकरणातून ओढायला लावा. ओढच लागत नसेल तर डॉक्टरांना सांगून स्पेसरसह दाबायचा पंप मिळतो का बघा.

दमट हवेचा हिशोब

कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते. कपडे वाळत नाहीत, मीठ सुटतं, आणि पावडरच्या कॅप्सूलही ओल धरतात. ओलसर पावडरीच्या गुठळ्या होतात आणि मोठी गुठळी फुफ्फुसात जात नाही, घशावर आपटते. "पावसात पंप चालत नाही" अशी तक्रार आली की आधी कॅप्सूल कुठे ठेवल्या ते विचारा. सकाळी दिवसभराच्या मोजून उघड्या डबीत काढून ठेवण्याची सवय इथे नडते. मूळ बाटलीत, झाकण घट्ट, आतली ओल शोषणारी पुडी तशीच ठेवून, ओढायच्या क्षणीच एक काढायची. स्वयंपाकघर, न्हाणीघराची भिंत, चुलीवरचं फडताळ या जागा नकोत. ओल लागू नये म्हणून काहीजण फ्रिजमध्ये ठेवतात. तिथून काढलेल्या थंडगार बाटलीत बाहेरच्या दमट हवेचं दव धरतं, ते आणखी वाईट. कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवलेली बाटली बरी.

धुणंही दमट हवेला धरूनच सांगा. दाबायच्या पंपाची धातूची डबी काढून फक्त प्लास्टिकचा भाग आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुवायचा, नाहीतर बारीक भोक औषधाने बुजतं. डबी पाण्यात घालायची नाही. पावसाळ्यात हे काम सकाळी करायचं, म्हणजे रात्रीच्या डोसापर्यंत वाळतं. चुलीजवळ शेकवायचं नाही. पावडरचं उपकरण धुतलं असेल तर पूर्ण कोरडं होईपर्यंत कॅप्सूल घालायची नाही. ज्या पंपात पावडर आधीच भरलेली असते तो तर धुवायचाच नसतो, कोरड्या कापडाने पुसायचा.

उन्हाळ्यात उलट काळजी. दाबायचा पंप दाबाखालच्या वायूचा असतो, तो स्कूटरच्या डिकीत किंवा होडीच्या तापलेल्या फळीवर राहता कामा नये. मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते. ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडू लागल्या की खोल समुद्रात जाणाऱ्या दमेकऱ्याला लगेच आराम देणारा एक जादा पंप आणि तो ठेवायला बंद होणारी प्लास्टिकची पिशवी द्या.

रोजचा कुठला, धापेचा कुठला

स्टेरॉइडचा पंप लगेच काही करत नाही. त्याचा गुण यायला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि म्हणूनच तो आधी सोडला जातो. साल्ब्युटामॉल पाच मिनिटांत मोकळं वाटू देतं, चार ते सहा तास टिकतं, म्हणून तोच आवडतो. दोन्ही डब्यांवर मराठीत ठळक लिहा: "रोज, बरं वाटलं तरी" आणि "धाप लागली तरच". फॉर्मोटेरॉल आणि बुडेसोनाइड (हे स्टेरॉइड) एकत्र असलेला पंप काही डॉक्टर दोन्ही कामांसाठी देतात, तेव्हा डबीवर असं लिहिण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

दम्यावरच्या 'जिना' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना एकट्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका असं सांगितलं आहे. वर्षात २०० डोसांचे तीन किंवा जास्त पंप संपले तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो, महिन्याला एक संपत असेल तर जिवाचा. हे सगळ्यात आधी तुमच्या बिलांवर दिसतं. तोच साल्ब्युटामॉलचा पंप वर्षात तिसऱ्यांदा मागायला आलेल्याला नुसतं बिल करून पाठवू नका, डॉक्टरांना दाखवायला लावा.

संपला कधी हे ओळखायला डबी पाण्यात तरंगवून बघतात, कानाशी हलवून बघतात. दोन्ही चुकीचं. औषध संपल्यावरही आत वायू राहतो, आवाज येतो. आकडा दाखवणारा काउंटर नसेल तर हिशोब करा: १२० डोसांचा पंप, सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे ३० दिवस. संपायची तारीख पक्क्या शाईने प्लास्टिकवर लिहून द्या. घाट बंद पडतात, गाड्या अडकतात, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात रोजच्या औषधाचा एक महिना पुढचा साठा घरात असावा.

स्टेरॉइड घेतल्यावर खळखळून चूळ, घशापर्यंत गुळणी, आणि ते पाणी थुंकून टाकायचं. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. दात घासण्याआधी पंप, हा क्रम लावून दिला की गुळणी विसरत नाही.

धूर

आयुष्यात विडी न ओढलेल्या बायकांना सीओपीडी होतो, कारण चूल. ओली लाकडं, सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, वर मशेरी भाजण्याचा धूर. "गॅस घ्या" एवढं सांगून भागत नाही. पाणी तापवायची चूल बाहेर पडवीपलीकडे नेता येईल का, लाकडं पावसाआधी झाकून कोरडी ठेवता येतील का, रोजचा भात तरी गॅसवर होईल का, असं एकेक विचारा. तरवा (भाताच्या रोपांची जागा) भाजायचे दिवस, शिमग्याची होळी, आंब्यावरची फवारणी, चिरेखाणीची धूळ आणि गणपतीतल्या बंद खोलीतल्या अगरबत्त्या, या वेळा आधीच सांगून ठेवल्या तर रुग्ण लांब बसतो आणि रोजचा पंप चुकवत नाही. विडी ओढणाऱ्याला प्रत्येक भेटीत सोडायबद्दल विचारा. निकोटीनचा च्युइंगगम कसा चघळायचा हेही शिकवावं लागतं: थोडा चावून गालात दाबून ठेवायचा, सतत चघळायचा नाही.

धाप लागलेला माणूस दुकानात आला तर

वाक्य पुरं बोलता येत नाही, मानेचे स्नायू ओढले जातायत, ओठ निळसर, गुंगी येतेय, किंवा ऑक्सिमीटरवर ९० च्या खाली, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन किंवा मिळेल ती गाडी. आडवं झोपवू नका, पुढे वाकवून बसवा. त्याचाच साल्ब्युटामॉलचा पंप स्पेसरमधून, एकेक पफ, मध्ये चार-पाच श्वास, असे ४ ते १० पफ. आराम पडला नाही आणि गाडी आली नसेल तर २० मिनिटांनी पुन्हा. किती पफ दिले आणि किती वाजता, ते कागदावर लिहून सोबत पाठवा.

दुसरी भेट

शिकलेली पद्धत काही दिवसांत मोडते. म्हणून पहिल्या दिवशीच सांगा, "आठवड्याने येताना पंप घेऊन या." तेव्हा पुन्हा करून दाखवायला लावा, उरलेल्या कॅप्सूल मोजा, रात्री खोकल्याने जाग येते का, चढ चढताना पूर्वी कुठे थांबत होते आणि आता कुठे, हे विचारा. "बरं आहे" या उत्तरापेक्षा "पूर्वी विहिरीपाशी बसायचो, आता देवळापर्यंत जातो" हे उत्तर डॉक्टरांच्या उपयोगाचं. पुढे महिन्याने, मग दर वेळी औषध न्यायला आले की एकदा. गणपतीत आलेले चाकरमानी आई-वडिलांसाठी मुंबईहून वेगळ्याच कंपनीचा पंप घेऊन येतात. तो आला की पद्धत नव्याने शिकवायची आणि जुना पंप बाजूला काढायला लावायचा, नाहीतर दोन्हीकडून तेच औषध दुप्पट जातं.

दुकानात एक डबा वेगळा ठेवा: प्रत्येक प्रकारचा औषध नसलेला डेमो पंप (कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून मागून घ्या), स्पेसर, रिकाम्या कॅप्सूल, पक्क्या शाईचं पेन आणि छोटा आरसा. डेमो पंप एका रुग्णाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. तो तुम्ही दाखवायला वापरा आणि रुग्णाला त्याच्या स्वतःच्या पंपावर शिकवा. आरसा रुग्णाच्या हातात द्या. ओठांच्या कडेने निसटणारा धूर त्याने स्वतः एकदा पाहिला की पुढच्या पफला ओठ आपोआप घट्ट मिटतात.